छप्पन्नजवळची रेघ

पायसांदूच्या बस डेपोमागे माझं दुकान.
दोन खिडक्या, एक भिंग,
आणि बापाने, वॉशिंग्टनने, मागे ठेवलेले सतरा चिमटे.
(उरुग्वेत अशी नावं असतात.
काकाचं नाव नेल्सन. हसू नका.)

लोक माझ्याकडे गाडी आणत नाहीत.
गाडीचा चेहरा तेवढा आणतात,
जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन,
तापलेलं पोर आणावं तसा.

नावेलने आणला तो एक्कावन्नच्या व्हॉक्सहॉलचा.
आजोबाची गाडी. इंजिन आता जपानी,
ब्रेक कुठल्याशा ट्रकचे,
सीटवर दंतवैद्याच्या खुर्चीचं कातडं.
"पण काटे हेच हवेत, डोन्या ग्लॅडिस.
चमकणारे आकडे नकोत मला.
आकडा एकदम बदलतो.
काटा येताना दिसतो."

असे छप्पन्न पाहिलेत मी.
तरी हे वाक्य वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं,
त्याच्या पावतीखाली.

पितळी कडं उचकटलं.
आत सत्तर वर्षांची हवा,
आणि चाळीस ते पन्नासच्या मधे
एक वाळलेली मुंगी,
कुठे निघाली होती कोण जाणे.
तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर निजलेला.
विजेचा जरा डावीकडे कललेला,
कुठेतरी काही गळतंय या जुन्या संशयाने.
आणि पेट्रोलचा, सगळ्यांत थापाड्या:
टाकी काठोकाठ असो की कोरडी ठण्ण,
हा आपला पाव सांगणार.
त्याच्या काचेवर खाली एक धूसर खळगा, नखाएवढा.
दोन दिवस घासला. जाईना.

वेगाच्या तबकडीवर, छप्पन्नजवळ,
लाल रंगाची वेडीवाकडी रेघ.
कुणा पोराचा चाळा असेल म्हणून
बोळा भिजवला.
अर्धी पुसून झाली तेव्हा नावेल दारात उभा,
काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा.

"ती आजीची," म्हणाला.

तबकडी मैलांची, रस्ते आमचे किलोमीटरचे.
छप्पन्न म्हणजे नव्वद.
ओफेलियाने नखाच्या रंगाने हद्द आखून दिली होती.
तेओफिलोने ती ओलांडली
की पुलापर्यंत बोलणं बंद.
आणि तेओफिलो रोज निघताना
पेट्रोलच्या काचेवर टिचकी मारायचा,
काटा खरं बोलेल म्हणून.
तो थाप मारायचा काचेवर,
काच थाप मारायची त्याला.
चाळीस वर्षं पटलं दोघांचं.

माझ्या हातात गुलाबी झालेला बोळा.
गावात मला काटेकोर बाई म्हणतात.

माझ्या घरी नखांचा रंग नाही.
या बोटांना काय लावणार,
ही आम्लाने खाल्लेली.
बेकरीतल्या यामिलाकडे एकच बाटली निघाली, जांभळी.
श्वास रोखून उरलेली अर्धी रेघ भरली.
बापाने चिमटा फेकून मारला असता.
जसं कारखान्यातून निघालं तसं, म्हणायचा.
पण कारखान्यातून ते एक दिवस निघालं, बाबा.
नंतरचे सगळे दिवस ते रस्त्यावरच होतं.

खळगा राहू दिला.
मुंगी मात्र काढली.
सगळंच काही जपायचं नसतं.

रविवारी तो मला घेऊन निघाला, तीन नंबरच्या रस्त्याने.
आधी पेट्रोलच्या काचेवर टिचकी.
काटा जागचा हलला नाही,
आता खरं बोलत होता, हलेल कशाला.
पण नख अगदी खळग्यात बसलं,
हे मी पाहिलं.

मग वेगाचा काटा चढू लागला,
जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा,
प्रत्येक पायरीवर किंचित थरथरत.
तीस. चाळीस. दोन्ही बाजूंना सोयाबीन,
दूर गुरं, एक बंद पडलेलं स्टेशन.
लाल. जांभळा.
नावेलने माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि पाय तसाच दाबून ठेवला.

पुलापर्यंत आम्ही काही बोललो नाही.