कशासाठी हवी

शालिमारजवळच्या दुकानात बागूल विचारतो,
"काका, सायकल कशासाठी हवी?"
एकतीस वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं.
तेव्हा सायकल म्हणजे पहिली पाळी,
कॅरियरला डबा, सातपूरचा भोंगा,
आणि पाच मिनिटं उशीर झाला
की अर्धा दिवस कापलेला.

म्हटलं, रविवारी फिरायला. जमलं तर लांब.
मग ही नको, म्हणाला,
बारीक टायर, खाली वाकलेलं हँडल,
त्र्यंबक यायच्या आधीच तुमची पाठ दंडवत घालेल.
ती जाड टायरवालीही नको, डांबरावर रडते.
मधली घ्या.

मला दांड्यावर उभं केलं,
दोन बोटं फट मोजली,
सीट चढवली, उतरवली, पुन्हा चढवली,
शिंप्यानं लग्नाचा कोट बेतावा तशी.
प्रमिला बाजूला,
किंमत ऐकल्यापासून पर्स घट्ट धरून.
"स्टँड तेवढा लावा," मी म्हणालो.
"आणि कॅरियर?"
नको.

रविवारी उजाडता उजाडता निघालो.
सातपूरच्या वळणावर
हँडल आपसूक डावीकडे झुकलं,
टाइमकीपर अजून घड्याळ बघत असल्यासारखं.
गेटवरच्या पोरसवदा वॉचमननं
मला ओळखलं नाही.
बरंच झालं.

एक गिअर हलका केला.
महिरावणी मागे पडली.
अंजनेरी समोर, अर्धी ढगात.
टपरीपाशी सायकल स्टँडवर लावली.
चहावाला म्हणाला, "कुठं निघालात?"
"बघू."
हात सवयीनं मागे गेला,
डबा सोडवायला.
तिथं काहीच नव्हतं.