निरंक

महिनाअखेरीला डॉक्टर कॅरिस प्रॉबर्ट
कार्डावर ‘निरंक’ अशी खूण करते,
टपालपेटीत टाकते.
अकरा महिने निरंक.

आज टेगविन आला, मेंढ्या कातरणारा.
आधी तळपायांना मुंग्या, म्हणाला,
मग गुडघेच विरघळले. आता कातरही धरवत नाही.
तिने गुडघ्यावर हातोडी मारली.
पाय गप्प.
पुन्हा मारली, उगाच.

लस कधी घेतली?
एकोणीस दिवस झाले.
त्याआधी पोट बिघडलेलं, बायको मध्येच म्हणाली,
कोंबडी कच्ची राहिली होती, माझ्याच हातून.

कार्डावर ‘कुणामुळे’ला रकाना नाही.
वय, तारीख, आद्याक्षरं.
ती एकाची उभी रेघ ओढते.

पेटी टेकडीखाली, समुद्राकडे.
आज गाडी राहू देते.
चालत जाते,
टाच, चवडा, टाच.