ऊन समोर

हेडाऊ सरांनी पहिला बेसबॉल
खेळण्याआधी उसवला.
तांडापेठेत, बापाच्या मागाशेजारी बसून
चामडं सोललं, तर आत निघालं सूत:
हातभर, वारभर, उंबऱ्याबाहेर, गल्लीच्या नळापर्यंत.
वडील धोटा थांबवून म्हणाले,
'काऊन बे, हे तं आपलंच काम हाय.'
ही गोष्ट सर दर वर्षी नव्या पोरांना सांगत
आणि दर वर्षी सूत थोडं लांबत जाई.

सत्त्याऐंशी साली ते कॉलेजात लागले, तासिकेवर.
प्राचार्यांनी नोटिशीत 'बेसबाल' लिहिलं,
ते एकतीस वर्षं तसंच राहिलं.
मैदान क्रिकेटचं.
आम्हाला पहाटे साडेपाच ते सात,
तेही खेळपट्टीवर पाय न ठेवण्याच्या अटीवर.
बेस म्हणजे आरामशीनच्या भुशाची पोती,
शिवण सरांच्या बायकोची.
त्या म्हणत, घरच्या उशा पार पापड झाल्या
अन् ह्यांचे बेस पाहा, कसे टम्म.

मास्क एकच. तो माझ्या तोंडावर,
कारण मी कॅचर,
आणि कारण माझे दात वाचवण्यासारखे आहेत
असं फक्त सरांनाच वाटे.
मे महिन्यात त्याची जाळी गालावर चटके देई.
घरी आई विचारायची, कोणी मारलं?

त्यांच्या खुणा अशा:
कान धरला तर पळ,
पट्टा धरला तर थांब,
टोपी काढून डोकं खाजवलं
तर खरंच डोकं खाजून राहिलं.
ह्या शेवटच्या खुणेपायी आम्ही दोन सामने हरलो.

टिकेश्वर पोलिसात लागला, मेश्राम रेल्वेत.
इम्रानचं मोमिनपुऱ्यात टायरचं दुकान आहे,
पावसाळी हवेत त्याचा खांदा अजून बोलतो.
सरांचं नाव एकदा देशाच्या शिबिरासाठी निघालं.
आठ दिवसांनी दुसरं पत्र आलं, दुसऱ्याच नावाचं.
पहिलं पत्र त्यांनी स्कोअरबुकात ठेवलं,
पान कुठवर आलं ते कळायला.

आणि बिलासपूर.
शेवटचा डाव, दोन बाद, एका धावेची आघाडी.
चेंडू सरळ वर गेला, माझ्याच डोक्यावर.
मी मास्क फेकला.
सर ओरडले, 'तुझा! तुझा!'
माझाच होता.
ग्लोव्हच्या काठाला लागून खाली पडला,
आणि पुढच्याच चेंडूवर आम्ही संपलो.
परतीच्या जनरल डब्यात सर बोलले नाहीत.
डोंगरगडला मला चहा पाजला,
गोंदियाला अजून एक.
स्वतः घेतला नाही.

ते रिटायर झाले तेव्हा कपाट रिकामं करायचं होतं.
शिपाई फोनवर म्हणाला, साहेब, वह्या रद्दीत चालल्या,
येऊन पाहता का?
कामठीच्या वीज कार्यालयातून अर्धी रजा टाकून गेलो.
एकतीस वह्या, जाड पुठ्ठ्याच्या.
बिलासपूर सापडायला तासभर गेला.

निळी शाई. चूक: पराते, कॅचर.
खोडलेलं नव्हतं.
मी खिडकीशी नेऊन, पान तिरकं धरून पाहिलं,
खरवडल्याची खूणही नव्हती.
तेव्हाच्या सगळ्या पोरांच्या चुका तशाच होत्या,
नावानिशी, पेनाने.
फक्त माझ्या ओळीपुढे, रकान्याच्या बाहेर,
जागा नसताना कोंबलेली दोन अक्षरी-तीन अक्षरी नोंद:
ऊन समोर.

त्या संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो.
सर ओट्यावर फाटका चेंडू शिवत बसले होते,
चष्मा कपाळावर.
मी विचारलं, सर, खरंच ऊन होतं का?
मला तर ढग आठवतात.

सरांनी सुई चेंडूत खुपसून ठेवली,
टोपी काढली,
आणि सावकाश डोकं खाजवलं.