अठ्ठावीस मिलिमीटर

दिवसा मी कवळ्या बनवते.
नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर
तीन डॉक्टरांचे पेशंट माझ्या प्लास्टरात हसतात.
संध्याकाळी तेच प्लास्टर, त्याच सुया,
दिव्याखाली भिंग,
आणि अंगठ्याच्या पेराएवढा एक घोडेस्वार
ज्याला अजून डोळे नाहीत.

डोळे शेवटी. हे ओव्हाळांनी शिकवलं.
आधी घोडा, मग अंगरखा, मग पट्टा.
डोळा दिला की तो आपल्याकडे बघायला लागतो
आणि हात थरथरतो.
त्यांचा नाही थरथरत.
छत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
त्यांनी खरी काडतुसं मोजलीत.

खेळ साधा आहे.
अठराशे सतरा, आश्विन, दिवाळी चार दिवसांवर.
गणेशखिंडीखालची ती दलदल, जिच्यात घोडी रुतली,
आमच्या टेबलावर वाळलेली आहे.
एवढंच बदललं. बाकी सगळं फाशांवर.
टेकडी म्हणजे गेल्या मखराचा थर्माकोल,
गवत म्हणजे चहाचा चोथा, वाळवून हिरवा केलेला,
मुळा नदी जिलेटिनच्या निळ्या कागदाची,
संगमाशी थोडी चुरगळलेली.

परदेशी रंगाच्या डबीवर लिहिलेलं असतं 'त्वचा'.
उघडली तर गुलाबी.
मी आणि ओव्हाळांनी एक अख्खा रविवार घालवला:
बर्न्ट सिएना, पिवळी माती, निळ्याचा एकच थेंब,
मनगटावर लावायचा, खिडकीशी नेऊन बघायचा.
त्यांचं मनगट, माझं मनगट.
शेवटी जमला तो खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरला,
दोन्ही फौजांना पुरेल एवढा.
त्यांचे लाल डगलेवालेही कोकणातले, देशावरचेच की.
गुलाबी डबी फक्त साहेबांना. साहेब सहा.
ती संपतच नाही.

गेल्या महिन्यात मी जिंकले.
दोनशे बारा स्वार, नऊ तोफा,
काडेपेटीच्या काडीचा पाय लावलेला एक उंट.
फासे पडले सहा, सहा, पाच.
लाल रांग फुटली.
मी उठून चहा टाकला. खरं सांगते,
शिट्टीसुद्धा वाजवली.

ओव्हाळ आपली माणसं कापसात गुंडाळत होते,
एकेक, संगिनी वाकू नयेत म्हणून.
"जिंकलात," म्हणाले. "आता उद्याची सकाळ खेळूया.
ह्यांतले माझ्या वस्तीतले घरी परतले. तुमच्या पुण्यात.
हौदावर पाणी भरता येतं का त्यांना?
पुस्तकात बघा."

पुस्तक मीच लिहिलेलं. तेरा नियम.
तोफेचा पल्ला. दारू ओली असेल तर उणे एक.
घोडं बिथरलं तर किती इंच मागे.
हौदाबद्दल काही नाही.
चहा उतू गेला.

"खेळ आहे हो," मी म्हणाले.
"खेळच," ते म्हणाले. "म्हणून तर विचारतो.
खेळात बदलता येतं."

चौदाव्या नियमाला अकरा रात्री गेल्या.
पहिल्या खर्ड्यात 'परवानगी' असा शब्द होता.
खोडला.
दुसऱ्यात 'फासा टाकावा'.
लाज वाटून कागदच फाडला.
मग लिहायचं सोडून कवळीचं मेण घेतलं
आणि एक बाई केली, कमरेवर घागर.
हल्ला शून्य, बचाव शून्य.
हौद दातांच्या प्लास्टरचा, कडेला ओल दिसावी म्हणून
नेलपॉलिशचा पारदर्शक हात.

शनिवारी ओव्हाळ आले. चष्मा कपाळावर सारून
तिला उचलायला गेले.
"थांबा, ओली आहे."
ते बसले. बराच वेळ नुसते बघत.
खाली लक्ष्मी रोडचे हॉर्न.

"बाई छान झालीय," म्हणाले. "पण नियम लिहा.
बाहुली काय, कुणीही उचलून बाजूला ठेवतं."

मग ट्रिपल झिरोचा ब्रश ओठांवर टोकदार करत,
"डोळे मी काढतो.
तोवर तुम्ही लिहा."