ऐनवेळचे विषय

रुग्ण कल्याण समितीचं इतिवृत्त
मी सभेच्या आदल्या रात्रीच लिहून ठेवायचो.
लपवत नाही. सतरा वर्षं असंच चाललं.
'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर'
या ओळीला हात इतका सरावला होता
की पेनातली शाई संपली तरी ती उमटली असती.
फक्त चहाचा आकडा मोकळा सोडायचा,
कपांचा हिशेब तेवढा खरा लागतो.

जत तालुका, त्यातलं आमचं कोरडं टोक.
मोबाइलला पलीकडचा टॉवर जवळ,
घरात बसल्या बसल्या कन्नडमधून स्वागत होतं.
दवाखान्याच्या भिंतीवर नागरिकांची सनद रंगवलेली,
तिच्यापुढं औषधांचं कपाट.
कडेनं 'आपला हक्क आ' एवढंच दिसायचं.

त्या दिवशी विषय एकच: अबंधित निधी.
कमान बांधायची, दोन बाजूंना सिमेंटचे कळस.
सदस्य अकरा, खुर्च्या नऊ.
महिला प्रतिनिधी मायव्वा बंडगर
दारातच खाली बसलेली.
द्राक्षाचे घड औषधात बुडवून थेट आलेली,
बोटं नखांपर्यंत पिवळी.

सहीसाठी रजिस्टर तिच्याकडं सरकवलं.
तिनं ते माझ्याकडं परत सरकवलं.
"काय लिवलंईस ते वाच की."

वाचलं.
माझं अक्षर माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.
'सविस्तर'ला घसा अडला.
"चर्चा कवा झाली रं?
मी तर आत्ता टेकतीया."

कुणीतरी हसलं. सरपंचांनी घड्याळ पाहिलं.
"अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय," मी म्हणालो.
का म्हणालो, ठाऊक नाही.
ते कलम छापीलच असतं,
त्याखाली मी नेहमी 'निरंक' लिहितो.

"तुमी बाराला कुलूप घालताय.
बाग सुटती सहाला.
माझ्या नणंदंचं बीपी सांजचंच चढतंय,
त्याला तुमचा टायम कसा सांगू?
निंगव्वाच्या पोराला इचू चावला रातचं,
तवा कमान काय करणार हुती?"

डॉक्टर वाईट माणूस नाही.
तीन पदं मंजूर, दोन रिकामी, उरलेला हाच.
"वेळ वरून ठरते, मावशी."
तिनं मान वर केली. खरंच केली.
मग आम्ही सगळ्यांनीच केली.
वर स्लॅबला ओल, पंख्याच्या दांडीला जळमट,
आणि एक पाल.
"मग वर लिवा," ती म्हणाली,
"लिवणारा हितंच बसलाय न्हवं?"

मी कमानीवर रेघ मारली.
खाली तिच्याच शब्दांत लिहिलं,
कारण माझे सापडेनात:
बाग सुटती सहाला.
सूचक, मायव्वा बंडगर.
अनुमोदक?
बराच वेळ पंखाच बोलत राहिला.
मग इंजेक्शनच्या खोलीतून शमशाद सिस्टर,
हातमोजे काढता काढता,
"माझं लिहा."
नियमात बसतं का, ते मी बघितलं नाही.

पुढं फार काही घडलं नाही.
वरून उत्तर आलं, 'मागणीची नोंद घेण्यात आली आहे.'
कमानही झाली, पुढच्या निधीत; कळस तेवढे कमी पडले.
मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र
दवाखान्यात आठपर्यंत दिवा असतो.
ते डॉक्टरनं तोंडी ठरवलं, कागदाला माहीत नाही.
कपाट हलवलंय.
सनदीचा रंग त्या चौकटीपुरता अजून ताजा,
बायका रांगेत उभ्या राहून
एकमेकींना वाचून दाखवतात, अडखळत,
जोडाक्षराला थांबून.

परवा लेखापरीक्षकानं तांबड्या शाईत विचारलंय:
पान त्रेचाळीस, खाडाखोड का? खुलासा करावा.
तीनदा लिहायला बसलो.
'सविस्तर चर्चा होऊन' इथपर्यंत येतो
आणि पेन खाली ठेवतो.
या वेळी ती झाली होती.
पण ओळ तीच, अक्षर तेच,
त्याला कसं कळावं?