जागा

डॉक्टर शिवगुंडे माझ्याहून चार वर्षांनी लहान.
विचारतात, वरची डावी दुधाची दाढ
कितव्या वर्षी पडली होती?
जीभ कापसाच्या बोळ्यामागे. मी म्हणते,
आठवत नाही.

आठवतं.
साखर पेठ, मागाची शेड, रात्रपाळी.
मी सात वर्षांची, गाल फुगलेला,
तीन रात्री झोप नाही, कुणालाच.
नायनानं हातभर सूत तोडलं,
लाल, दुपदरी, चादरीच्या काठाला लागतं ते,
दाढेला गाठ मारली. विणकराची गाठ.
"धोटा कुठं गेला बघ," म्हणाला,
आणि मी बघितलं.

दाढ पत्र्यावर खणकन वाजली.
मागांच्या त्या खडखडाटातही ऐकू आली मला.
आठ आण्यांची लिमलेटची गोळी, उजव्या गालात.
नंतर मी दुपारपर्यंत झोपले.

पुढचं सगळं एक्स-रेमध्ये आहे.
रिकामी जागा कुणी राखली नाही.
मागची मोठी दाढ हळूहळू पुढं सरकली,
चाळीत खोली सुटली की
शेजारच्यांचं पिंप रात्रीतून आत येतं, तशी.
अकराव्या वर्षी सुळा आला
तर त्याची जागा गेलेली.
वर चढून बसला हिरडीत,
तिथून माझा ओठ उचलत राहिला.

शाळेत मला गणपती म्हणायचे.
दाखवायच्या फोटोत मी ओठ मिटले,
तर बार्शीचे लोक म्हणाले, मुलगी घमेंडी दिसते.

आता जागा करायची तर आणखी एक दाढ जाईल,
या वेळी इंजेक्शन देऊन.
मग तार. दोन वर्षं. हप्ता माझ्या पगारातून.
"एकदम ओढत नाही आम्ही," डॉक्टर सांगतात,
"दात सरकतो त्या बाजूचं हाड विरतं,
मागं नवं भरत येतं.
घाई केली तर मूळच झिजतं."
घरी येऊन हे सांगितलं.
माग भंगारात किलोवर गेले त्याला सहा वर्षं झाली,
तरी नायनाची बोटं हवेत ताण चाचपून आली.
"खरंय. ओढलं की तुटतंय."

पहिले चार दिवस भातसुद्धा दुखला.
कडक भाकरीचा डबा अम्मानं वर ठेवला, फळीवर,
मी चोरून खाईन म्हणून.
शेंगाचटणीचा एक कण तारेत अडकतो
आणि अर्धा तास जातो मोरीत, आरशापुढं.

परवा जेवताना नायनानं विचारलंच,
"पण वाकडा आला कशानं गं?"

डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात नीट समजावलं होतं मला.
कागदावर चित्र काढून.

"अम्मावर गेलाय," म्हटलं.
आतून अम्मा ओरडली,
"माझे सगळे सरळ होते, एकूण एक!"
तोंडात आता एकही नाही.
नायना ठसका लागेपर्यंत हसला,
मीही हसले. सवयीनं हात तोंडावर गेला.

त्यानं तो बाजूला केला.
चष्मा कपाळावर, ट्यूबलाइटखाली मान तिरपी करून
एकेक दात बघत गेला,
पूर्वी कापडातला दोष शोधायचा तसा.
सुळ्यापाशी थांबला.
बारीक तारेचा पीळ होता तिथं.

"गाठ बरी मारलीय पोरीनं," म्हणाला,
आणि ताटातला उरलेला भात
कालवून माझ्या ताटात घातला.