सव्वीस केबी

पासवर्ड घेतो, स्वागत आहे म्हणतो,
हिरव्या टेकडीचा फोटो क्षणभर दाखवतो
आणि लगेच निरोप.
पुन्हा पासवर्ड. पुन्हा स्वागत. पुन्हा निरोप.
"चहा घेणार?" असं विचारत
तोंडावर दार लावून घेणाऱ्या माणसासारखा
बाबांचा कॉम्प्युटर, शनिवार सकाळपासून.

"मी काहीच केलं नाही," बाबा म्हणाले.
डॅन्यूबवर तीस वर्षं टगबोट चालवलेला माणूस,
कान लाल, हात पाठीमागे.
मग जरा वेळानं:
"बुद्धिबळाचा एक खेळ उतरवून घेतला होता. फुकट होता."

फुकटच्या उंटावर बसून कोणकोण आत शिरलं
त्याची यादी बाबांनी शुक्रवारी रात्रीच
वहीत पेन्सिलीनं उतरवली होती,
रोज सकाळी सातला नदीची पातळी लिहितात तशीच,
तारीख, वेळ, रेघ.
अँटिव्हायरसनं एकेकाला वेचून मारलं होतं.
शेवटच्या ओळीत मात्र चोर नव्हता,
घरचाच होता, बिघडलेला:
आलेल्याचा हात धरून त्याला आतल्या खोलीत नेणारी
एक छोटी फाइल.
औषधानं तीही नेली.
आता दार उघडतं, पण दारापलीकडे कुणी नसतं.

माझ्या लॅपटॉपमधली चालणार नव्हती. तो नव्या पिढीचा.
हवी होती त्याच वयाची, त्याच आवृत्तीची,
निरोगी यंत्रातली.
अख्ख्या इमारतीत तसं यंत्र एकच,
तिसऱ्या मजल्यावर, ग्रोझावकाकांकडे.
एकाच दुकानातून, एकाच व्हॅनमधून, एकाच दिवशी
दोघांनी मिळून आणलेली ती दोन खोकी.
पण आमच्या न्हाणीघराचं पाणी त्यांच्या छतावर उतरलं
त्याला दोन वर्षं झाली.
तेव्हापासून बोलणं बंद, डाव बंद.
फुकटचा खेळ कशासाठी लागला
हे मला जिन्यात, चौथी पायरी उतरताना कळलं.

तिबेरियु ग्रोझाव दारात, पायात एकच सपाता.
"पुन्हा पाइप?"
"नाही, फाइल."
शेजारी विरजण मागायला जावं
तशी मी रिकामा पेन ड्राइव्ह पुढे करून उभी.
त्यांनी नाव दोनदा विचारलं,
चष्मा बदलून शोधलं,
आणि देताना म्हणाले, "एवढीशीच?"
एवढीशीच, काका. सव्वीस केबी.

वर येऊन सीडीवरून यंत्र जागं केलं.
काळा पडदा, पांढरी अक्षरं,
एक आज्ञा चुकीची, कारण तिरपी रेघ उलटी पडली,
दुसरी बरोबर.
एक फाइल कॉपी झाली.
बाबा मागे उभे. त्यांचा श्वास माझ्या मानेवर.
पासवर्ड. स्वागत. टेकडी.
टेकडी तशीच राहिली.
मग एकेक चित्र उगवत गेलं, दारू, म्हणजे औषधांचं बिल,
लग्नातले फोटो, आणि कोपऱ्यात "पाणी",
आठ वर्षांच्या सगळ्या सकाळी, सेंटीमीटरमध्ये.

मी पेन ड्राइव्ह परत द्यायला निघाले तर
"थांब," म्हणाले. "भांडं रिकामं परत करत नाहीत."
आणि बराच वेळ, एका बोटानं,
माउस घट्ट धरून,
"पाणी" त्यात ओतत बसले.

मंगळवारी फोन वाजला. खालून.
"सोळा मार्चचा आकडा चुकलाय.
पाणी त्याहून वर होतं.
मी धक्क्यावर होतो त्या दिवशी."

"शक्यच नाही," बाबा फोनवर ओरडले,
"शक्यच नाही, मी स्वतः मोजलंय,"
आणि फोन खांद्यात धरूनच
पलंगाखाली वाकून बूट शोधायला लागले.